लेक गेली, आणि देवाच्या विषयावर डार्विन गप्प झाला

डार्विन म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक माकड आणि दुसरं म्हणजे 'देव नाही म्हणणारा शास्त्रज्ञ'. सोशल मीडियावर देव विरुद्ध विज्ञान असा वाद पेटला की दोन्हीकडचे लोक त्याला मध्ये ओढतातच.

पण गंमत अशी की, देव नाही असं डार्विनने जाहीरपणे कधीच म्हटलं नाही. त्या विषयावर तो चक्क गप्प राहिला.

तर सुरुवातीपासून बघूया.

१८०९ साली इंग्लंडमधल्या श्रूजबरीत डार्विनचा जन्म झाला. वडील डॉक्टर. पोरगंही डॉक्टर होईल म्हणून त्यांनी त्याला एडिनबराला पाठवलं, पण रक्त बघून याला कसंतरी व्हायचं. मग ठरलं की पोराला पाद्री करायचं. त्यासाठी तो केंब्रिजला गेला.

तिथे त्याच्या हातात विल्यम पेली या धर्मपंडिताची पुस्तकं आली. घड्याळ दिसलं म्हणजे ते बनवणारा कुणीतरी असणार, तसंच एवढी नेटकी सृष्टी म्हणजे तिला घडवणारा दयाळू देव असणार, असं पेलीचं म्हणणं. तरुण डार्विनला ते मनापासून पटलं होतं.

पुढची बीगल जहाजाची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे. १८३१ ते १८३६, पाच वर्षं जगभर फिरून तो परतला तेव्हा पाद्री व्हायचा विचार मागे पडला होता. १८३९ मध्ये त्याने लग्न केलं एमा वेजवूडशी. एमा म्हणजे त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. ती श्रद्धाळू होती. धर्माबद्दलच्या शंका बायकोपासून लपव, असा सल्ला वडिलांनी दिला होता. डार्विनने तो ऐकला नाही, तिला सगळं सांगून टाकलं. मेल्यावर आपली दोघांची भेट होणार नाही, ही भीती तिला कायम राहिली. याच विषयावर तिने त्याला लिहिलेलं एक पत्र डार्विनने आयुष्यभर जपून ठेवलं.

त्यांना एकूण १० मुलं झाली. त्यातली ॲनी ही दुसरी, १८४१ सालची. बापाची भयंकर लाडकी.

१८५० मध्ये ॲनी आजारी पडली आणि बरीच होईना. मार्च १८५१ मध्ये डार्विन तिला मॉल्व्हर्न गावी डॉ. गली यांच्याकडे घेऊन गेला. थंड पाण्याच्या उपचारांसाठी हे डॉक्टर प्रसिद्ध होते. त्या उपचारांनी स्वतः डार्विनला बरं वाटलं होतं, त्यामुळे त्याचा विश्वास होता. पोरीला तिथे ठेवून तो घरी आला आणि एप्रिलमध्ये बोलावणं आलं. एमाला आठवा महिना संपत आलेला, तिला प्रवास शक्य नव्हता. डार्विन एकटाच गेला. किती चमचे पेज पोटात गेली, किती वेळा उलटी झाली, नाडी कशी आहे, हे सगळं तो रोज पत्रातून तिला कळवत होता.

तो पोहोचला १७ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, रविवारी ईस्टर. म्हणजे चर्चमध्ये पुनरुत्थानाचा सण चालू असताना हा माणूस लेकीच्या उशाशी बसून होता. बुधवारी, २३ एप्रिलला ॲनी गेली. वय वर्षं १०. एमाला सांभाळायला डार्विन लगेच घरी निघाला, दफनालाही थांबला नाही.

अशा वेळी लोक काय बोलतात ते आपल्याला माहिती आहे. आपल्याकडे 'देवाला आवडली' म्हणतात, कुणी मागच्या जन्मीचं काढतं. तिथे ईश्वराची इच्छा, परीक्षा, पापाची शिक्षा ही उत्तरं होती. आता १० वर्षांच्या पोरीचं पाप ते काय? आठवड्याभराने डार्विनने ॲनीची एक आठवण लिहून काढली. तिचं हसणं, तिचं बागडणं सगळं त्यात आहे. स्वर्गात पुन्हा भेटू, हे मात्र कुठेच नाही.

ॲनीच्या मृत्यूनेच त्याची श्रद्धा संपली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते इतकं सरळ नाही. काही इतिहासकारांच्या मते त्याचा विश्वास त्याआधीच ढासळत चालला होता, आणि मला ते जास्त पटतं. पण उरलीसुरली उत्तरंही आता पुरेनाशी झाली असावीत.

रविवारी घरचे लोक चर्चमध्ये जायचे आणि डार्विन बाहेर फिरत राहायचा. तरी गावच्या पाद्रीशी, ब्रोडी इनेसशी, त्याची घट्ट मैत्री होती. गावातल्या गरिबांसाठी चाललेल्या मदत क्लबचा हिशोबही डार्विनच बघायचा.

१८५८ मध्ये त्याचं दीड वर्षाचं बाळ गेलं. १ जुलैला लंडनमध्ये त्याचा आणि वॉलेसचा सिद्धांत पहिल्यांदा वाचला जात होता, आणि हा बाप बाळाला पुरत होता.

१८६० मध्ये अमेरिकन मित्र आसा ग्रे याला लिहिताना मात्र तो थोडा मोकळा झाला. जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालणारी आणि आपल्या पिल्लांना तो आतून खाऊ देणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम बनवली, हे त्याला पटत नव्हतं. पण सगळं निव्वळ योगायोग आहे, हेही पटत नव्हतं. हा विषय माणसाच्या बुद्धीपलीकडचा आहे, म्हणून त्याने तो तिथेच सोडला.

१८८० मध्ये एडवर्ड एव्हलिंग या नास्तिक लेखकाने आपलं पुस्तक त्याला अर्पण करायची परवानगी मागितली. डार्विनने नकार दिला. धर्मावर थेट हल्ला करून काही साधत नाही, आणि आपण असं केलं तर घरातल्या माणसांना त्रास होईल, हे कारण त्याने दिलं. (हे पत्र कार्ल मार्क्सला होतं असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. फॉरवर्ड आलं तर आता दुरुस्त करा!)

घरच्यांसाठी लिहिलेल्या आत्मचरित्रात तो धर्माबद्दल स्पष्ट बोलला होता. १८८२ मध्ये तो गेला. १८८७ मध्ये मुलाने ते छापलं, तेव्हा एमाच्या इच्छेनुसार त्यातला बोचरा भाग गाळला. पूर्ण पुस्तक नातीने छापलं ते १९५८ मध्ये.

ॲनीची लिहायची छोटी पेटी एमाने शेवटपर्यंत सांभाळली. पुढे ती त्यांच्या खापरपणतवाला सापडली. आत ॲनीच्या पिसाच्या लेखण्या होत्या, केसांची एक बट होती, आणि रोज तिची तब्येत कशी होती याची डार्विनने स्वतःच्या हाताने केलेली नोंद.