पारख करणारे अल-बेरूनी

रमजानमध्ये चेंबूर-गोवंडीच्या बाजारात तसबीहच्या माळा दिसू लागतात. त्यांतल्या मधाच्या रंगाच्या मण्यांना कहरुबा म्हणतात. फारसीत त्याचा अर्थ गवत ओढून घेणारा. संस्कृतातले तृणमणी हे नावही तेच सांगते, कारण लोकरीवर घासलेला हा मणी वाळली काडी ओढतो. हा दगड नव्हे, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची घट्ट झालेली राळ. क्वचित तिच्यात त्या काळची मुंगी किंवा माशी सापडते आणि मोल वाढते. मोल वाढले की नकलाही आल्या.

ऐकीव गोष्टीवर न विसंबता रत्ने पारखावीत कशी, हे अबू रैहान अल-बेरूनी यांनी हजार वर्षांपूर्वी दाखवले. त्यांचा जन्म 973 मध्ये ख्वारिज्ममध्ये, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात झाला. 1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि त्यांना गझनीला नेले. विजेत्याच्या दरबारात राहूनही ते पराभूतांची भाषा, संस्कृत, शिकले. पंडितांसोबत बसून त्यांनी 1030 च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ पूर्ण केली आणि हिंदूंचे विचार त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडले. कोकणची राजधानी म्हणून आपल्या शेजारच्या ठाण्याचा उल्लेखही तिच्यात आहे.

उतारवयात त्यांनी रत्नांवर ‘किताबुल जमाहिर’ लिहिली. पाचू पाहून साप आंधळा होतो, अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी सापाला पाचूंची माळ घातली, नऊ महिने वाट पाहिली. सापाच्या डोळ्यांना काही झाले नाही. धातू आणि रत्ने पाण्यात बुडवून, सांडलेले पाणी तोलून ते त्यांची घनता काढत. त्यांचे आकडे आजच्या आकड्यांच्या जवळ जातात.

तृणमण्याची आजची पहिली परीक्षाही पाण्याचीच आहे. मिठाच्या दाट पाण्यात तो तरंगतो. काच, बेकेलाइट बुडतात. काही प्लास्टिक आणि कोवळी राळही तरंगते, म्हणून पुढची परीक्षा स्पिरिटची: कोवळी राळ चिकट होते. शेवटी भिंग. अगदी मधोमध, पाय पसरून नीटनेटका बसलेला मोठा कीटक दिसला, तर संशय घ्यावा.

तरीही जाणते फसतात. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने 1922 मध्ये घेतलेल्या एका तुकड्यातली माशी दीर्घकाळ अस्सल मानली गेली. तुकडा खरा होता; पण तो कापून, कोरून आत आजची माशी बसवली होती. हे 1993 मध्ये उघड झाले.

अल-बेरूनी 1048 च्या सुमारास गझनीत वारले. माळ असो वा माणसाविषयीची बातमी, तोलल्याशिवाय खरी मानू नये, ही त्यांच्या आयुष्याची शिकवण आजच्या शहरालाही हवी आहे.