देवळालीचे मास्तर आणि स्वयंभू संख्या

५३ या संख्येला १ आणि ५३ यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने नि:शेष भाग जात नाही, म्हणून ती मूळ संख्या. तिचे आणखी एक वेगळेपण आहे. ते हेरले देवळालीतील एका शाळामास्तरांनी.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. कारकून असलेल्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातल्या आकडेमोडीची गोडी मुलालाही लागली. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीतच शिकवले.

फावल्या वेळात ते संख्यांशी खेळत. ३४ मध्ये तिचेच अंक ३ आणि ४ मिळवले की ४१ येतात. म्हणजे ३४ ही ४१ ची जनक. पण ५३ ला अशी जनक संख्याच नाही. कोणी न घडवलेल्या मूर्तीला आपण स्वयंभू म्हणतो, तशी ही स्वयंभू संख्या. मूळ संख्या लहान संख्यांच्या गुणाकारातून मिळत नाही, तर स्वयंभू संख्या अंकांच्या बेरजेतून मिळत नाही. शंभरपर्यंत मूळ संख्या २५ आणि स्वयंभू १३ आहेत. दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या सहाच: ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी आनंद देणारी या अर्थाने ‘हर्षद’ म्हटले. त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करा आणि उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ६१७४ चे मूळ अवयव पाडले तर एक २, दोन ३ आणि तीन ७ मिळतात. अंकांची बेरीज १८. तिने भाग दिला की ३४३ उरतात. म्हणजे ६१७४ हर्षदही आहे.

एवढे असूनही देशातील अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ करमणूक वाटे. कापरेकरांकडे संशोधनाची पदवी नव्हती आणि विद्यापीठातली जागाही नव्हती. त्यांनी आपल्या पुस्तिका स्वतःच छापल्या. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका १९६३ मध्ये देवळालीतूनच निघाली. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नसल्याने ते शिकवण्या घेत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संख्यांच्या क्रमिकांचा जो मोठा ज्ञानकोश आज इंटरनेटवर आहे, त्यात स्वयंभू संख्यांना एक नोंद आहे आणि स्वयंभू असलेल्या मूळ संख्यांना दुसरी. तपासून पाहायला मात्र शाळेतली बेरीज पुरते.