‘दीनबंधू’कार नारायण मेघाजी लोखंडे

दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात पाळीवर जाणाऱ्या कामगाराची सुटी रविवारीच येईल असे नाही. पण आठवड्यातला एक दिवस आपला, हे तोही गृहीत धरून चालतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० पर्यंत असा हक्काचा दिवस नव्हता. तो मिळवून देण्यात सर्वांत मोठा वाटा होता तो एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. टपाल खात्यातील नोकरीनंतर ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि तेथे कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधू’ पैशाअभावी बंद पडला होता. १८८० मध्ये लोखंडे यांनी तो मुंबईतून पुन्हा चालू केला. सत्यशोधक समाजाचे हे मुखपत्र चालवताना त्यांना सरकारी रोषाचेही भान ठेवावे लागे. खुद्द जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग छापून त्यांनी पुढचे थांबवले आणि जोतीरावांचा राग ओढवून घेतला. लोखंडे बंडखोरापेक्षा वाटाघाटी करणारे होते, हे मान्यच केले पाहिजे.

१८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः बालकामगारांपुरता होता. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने तर त्यातून वगळलेलेच. आपल्या खानदेशातील जिनिंग कारखान्यांत हंगामात बायाबापड्या पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबत, ही गोष्ट तत्कालीन सरकारी चौकशीतही पुढे आली. १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगारास वेतन, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या जमल्या. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली ती याच वेळी. तिच्याकडे ना निधी होता, ना सभासदांची नोंदवही. तिची खरी ताकद म्हणजे लोखंडे आणि त्यांचे वर्तमानपत्र.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या काळी नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे दोन स्त्री कामगारांनी तेथे भाषणे केली. १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांच्या मर्यादेला मान्यता दिली. चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने मात्र कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडले.

विधवांच्या केशवपनास नकार देणाऱ्या नाभिकांच्या पाठीशी ते उभे राहिले. १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून झटले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ केले. पुढे प्लेगने मुंबई ओस पडू लागली. लोखंडे रुग्णांच्या सेवेसाठी शहरातच राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच साथीने त्यांना नेले. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.