रिचर्ड हॅमिंग: मेमरीला स्वतःची चूक सुधारायला शिकवणारा माणूस

सर्व्हर सुरूच होत नाहीये आणि स्क्रीनवर मेमरी एरर येतोय. मग काय करतात? रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढायच्या, एकेक लावून बघायची आणि खराब पट्टी शोधायची. पण चूक नेमकी कुठे झाली, हे मशीनलाच कळलं तर? रिचर्ड हॅमिंग यांना हा प्रश्न पडला, तोही वैतागून!

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागोत झाला. १९४२ मध्ये त्यांनी गणितात पीएचडी केली, १९४५ मध्ये ते लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात गेले आणि १९४६ मध्ये बेल लॅब्जमध्ये आले.

तिथला कॉम्प्युटर रिलेवर चालायचा. हॅमिंग यांना तो शनिवार-रविवारीच मिळायचा. एखादा रिले चुकला की मशीनला चूक झाल्याचं कळायचं. इतर दिवशी ऑपरेटर ती दुरुस्त करायचा. सुट्टीत मात्र ऑपरेटर नसायचा, त्यामुळे मशीन ते काम सोडून पुढचं घ्यायचं. सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच नाही! चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये?

१९५० मध्ये त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. सात बिट घ्या. १, २ आणि ४ नंबरच्या जागी चेक बिट, उरलेल्या चार जागी डेटा. प्रत्येक चेक बिट आपापल्या गटावर लक्ष ठेवतो. समजा, १ आणि ४ नंबरच्या तपासण्या फसल्या. १ अधिक ४ म्हणजे ५, म्हणून पाचवा बिट बिघडलाय. तो उलटा केला की काम झालं.

सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये हीच कल्पना पुढे नेलीय. तिथे साधारणपणे ६४ बिट डेटामागे ८ चेक बिट असतात. एक बिट चुकला तर तो आपोआप सुधारतो. दोन चुकले तर फक्त कळतं, सुधारता येत नाही. मग चुकीचा डेटा पुढे जाऊ देण्यापेक्षा सर्व्हर थांबतो.

हॅमिंग यांना १९६८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७६ पासून ते मॉन्टेरीत शिकवत होते. ७ जानेवारी १९९८ रोजी त्यांचं निधन झालं.

म्हणून सर्व्हर नीट चालत असला तरी त्याचा लॉग बघत जा. एकाच पट्टीवर सुधारलेल्या चुका वाढत असतील, तर ती आधीच बदला. नाहीतर एखाद्या सोमवारी तुमचंही काम अडेल.