लुप्त शब्दांचाही लेखाजोखा ठेवणारा कोशकार

इंग्रजीतील एखादा जुनापुराणा शब्द अडला, की अभ्यासक हमखास ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीकडे वळतो. वापरातून गेलेल्या शब्दांनाही मानाचे पान देणाऱ्या या महाकोशाचे प्रमुख शिल्पकार सर जेम्स मरे यांनी विद्यापीठात प्रत्यक्ष जाऊन शिक्षण घेतले नव्हते. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडमधील डेनहोम या खेड्यात एका शिंप्याच्या घरी ते जन्मले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मात्र भाषांचे वेड सुटले नाही. हॉइक येथे अध्यापन करत असताना पत्नीच्या प्रकृतीमुळे त्यांना लंडनला यावे लागले. तेथे त्यांनी चार्टर्ड बँक ऑफ इंडियाच्या कार्यालयात कारकुनी केली, पुढे मिल हिल शाळेत ते शिक्षक झाले.

१८७९ मध्ये कोशाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. आधीच्या दोन दशकांत स्वयंसेवकांनी जमवलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्या पोत्यांतून येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, तर 'एच' अक्षराच्या चिठ्ठ्या थेट फ्लॉरेन्समध्ये सापडल्या. मरे यांनी अंगणात पत्र्याची शेड उभारली, तिला स्क्रिप्टोरियम हे नाव दिले आणि हजाराहून अधिक खणांत चिठ्ठ्या लावल्या. खाऊच्या पैशांच्या बदल्यात त्यांची मुलेही चिठ्ठ्यांची वर्गवारी करीत.

प्रत्येक शब्द प्रथम कधी आढळला, त्याचा अर्थ कसा पालटला आणि तो केव्हा मावळला, हे लेखी पुराव्यानिशी मांडायचे, ही कोशाची प्रतिज्ञा होती. लुप्त शब्दापुढे कट्यारीची खूण छापली जाई. पण त्याला वगळले जात नसे. ही शिस्त वेळखाऊ होती. दहा वर्षांत काम पुरे करण्याचा करार असताना १८८४ मध्ये निघालेला पहिला भाग 'अ‍ॅण्ट' या शब्दापर्यंतच पोहोचला होता. घाई करण्यासाठी प्रकाशकांचा तगादा सुरू झाला, तरी मरे यांनी पुराव्याबाबत तडजोड केली नाही. १८८५ मध्ये ते ऑक्सफर्डला स्थायिक झाले. तेथील दमट शेडमध्ये थंडीच्या दिवसांत ते ओव्हरकोट घालून, पाय खोक्यात ठेवून काम करीत.

एवढी दक्षता घेऊनही 'बॉण्डमेड', म्हणजे दासी, या जुन्या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो छापायचाच राहिला. १९३३ च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली.

१९०८ मध्ये मरे यांना 'सर' हा किताब मिळाला. ऑक्सफर्डने सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९१४ मध्ये, मृत्यूच्या अवघे वर्षभर आधी. २६ जुलै १९१५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते 'टी' अक्षरावर काम करत होते. १९२८ मध्ये चार लाखांहून अधिक शब्दांचा हा कोश पूर्ण झाला. त्याचा जवळपास निम्मा भाग मरे यांच्या संपादनाखाली सिद्ध झाला होता. पूर्ण झालेला ग्रंथ पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही.