राल्फ बॅगनॉल्ड

राल्फ अल्जर बॅगनॉल्ड (३ एप्रिल १८९६ – २८ मे १९९०) हे ब्रिटिश लष्करी अभियंते, वाळवंटाचे संशोधक आणि वाळूच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करणारे विद्वान होते. साध्या बाजारी मोटारींत फेरफार करून त्या बिनरस्त्याच्या वाळवंटातून शेकडो मैल नेण्याचे तंत्र त्यांनी सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात याच तंत्राच्या बळावर त्यांनी ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या पथकाची उभारणी केली.

पूर्वायुष्य

बॅगनॉल्ड यांचा जन्म इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. वडील रॉयल इंजिनिअर्स या दलात अधिकारी होते. खार्टूममध्ये वेढले गेलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी निघालेल्या १८८४-८५ च्या मोहिमेत त्यांचा सहभाग होता. थोरल्या भगिनी एनिड पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आल्या. वुलविच येथील लष्करी शिक्षणानंतर राल्फ १९१५ मध्ये सैन्यात दाखल झाले व फ्रान्सच्या आघाडीवर लढले. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिज येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे कैरो येथे आणि नंतर हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर त्यांची नेमणूक झाली.

मोटारींतील सुधारणा

कैरोत असताना सुटीच्या दिवसांत मित्रांसह वाळवंटात भटकण्याचा छंद त्यांना जडला. या सफरी स्वखर्चाने होत. आरंभी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ आणि पुढे ‘मॉडेल ए’ मोटारी त्यांनी वापरल्या. पाण्याचा ठिपूस नसलेल्या प्रदेशात गाडी बंद पडणे म्हणजे जिवाशी गाठ होती. त्यामुळे गाडीचा प्रत्येक भाग पारखून घेणे भागच होते.

पहिला प्रश्न टायरांचा. भरपूर हवा भरलेला अरुंद टायर सुरीसारखा वाळूत घुसतो. हवा कमी केली की टायर पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि भार विभागला जातो. म्हणून बॅगनॉल्ड यांनी रुंद टायर आणि कमी हवा यांचा अवलंब केला. मात्र अशा मऊ टायरांनी खडकाळ जमिनीवरून वेगाने जाता येत नाही. त्यांच्या बाजू चिरतात व ते तापतात. जमिनीचा पोत ओळखणे हे चालकाचे खरे कौशल्य ठरले. रुतलेली गाडी काढण्यासाठी चाकांपुढे पोलादी पन्हळी पत्रे घालण्याची युक्तीही त्यांनी योजिली. पहिल्या महायुद्धात खंदकांतील निवाऱ्यांच्या छपरांसाठी बनवलेले हे पत्रे त्यांना कैरोतील भंगाराच्या दुकानात सापडले होते.

रेडिएटरचे पाणी उकळून वाया जाऊ नये, म्हणून त्याची वाफ नळीने पाण्याच्या डब्यात सोडली जाई. डबाही उकळू लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवीत. थोड्याच वेळात निवलेले पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. ही कल्पना सर्वस्वी त्यांचीच नव्हती, पण तिला भरवशाचे रूप त्यांनी दिले. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकत असे. त्यावर त्यांनी काट्याच्या सावलीवरून दिशा दाखवणारे सूर्य-होकायंत्र तयार केले. या साधनांच्या साहाय्याने १९२९ ते १९३२ या काळात त्यांनी लिबियन वाळवंट पालथे घातले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

युद्धकाळ

१९३५ मध्ये निवृत्त झालेल्या बॅगनॉल्ड यांना १९३९ मध्ये पुन्हा बोलावण्यात आले. पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या त्यांच्या जहाजाला भूमध्य समुद्रात टक्कर झाली आणि ते इजिप्तमध्ये उतरले. हा अपघात घडला नसता, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर त्यांनी आपली योजना जनरल वेव्हेल यांच्यापुढे मांडली. तयारीसाठी मुदत मिळाली अवघ्या सहा आठवड्यांची.

चेव्हरोलेटचे दीड टनी ट्रक मिळवण्यात आले. त्यांत चारही चाकांना शक्ती पुरवणारी रचना नव्हती, हे आज अनेकांना नवल वाटेल. दारे, काचा व छप्पर काढून त्यांचे वजन घटवले. पेट्रोल, पाणी, अन्न व शस्त्रे यांचा बोजा पेलण्यासाठी कमानपाट्यांत जादा पाटे घालून ते भक्कम केले. पाटे वाढवले की भार पेलला जातो, परंतु गाडी कडक होऊन रिकामी असताना फार उसळते. हा तोटा पत्करावा लागला. पथकात प्रारंभी प्रामुख्याने न्यूझीलंडचे सैनिक होते. त्यांतील अनेक जण शेतकरी असल्याने यंत्रे हाताळण्याची त्यांना सवय होती. चाडमधील फ्रेंच अधिकाऱ्यांचे साहाय्य मिळवण्यासाठी बॅगनॉल्ड स्वतः तेथे गेले. त्यामुळेच जानेवारी १९४१ मध्ये मुर्झुक येथील इटालियन किल्ल्यावर व विमानतळावर संयुक्त छापा घालता आला. त्याच वर्षी पथकाचे नेतृत्व त्यांनी जुने सहप्रवासी गाय प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपवले.

शास्त्रीय कार्य

चाक वाळूत का रुतते, या प्रश्नाइतकेच टेकड्या आपला आकार का राखतात, याचेही त्यांना कुतूहल होते. त्यांनी स्वतः वातबोगदा उभारून वाऱ्याबरोबर उड्या मारत जाणाऱ्या वाळूकणांचे मोजमाप केले. या प्रयोगांवरील त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला व अद्यापही अभ्यासला जातो. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मंगळावरील ज्या वाळूच्या टेकड्यांची ‘क्युरिऑसिटी’ या फिरत्या यानाने जवळून पाहणी केली, त्यांना बॅगनॉल्ड यांचे नाव देण्यात आले आहे.