पाणवठ्यावरची गोष्ट

पंडिता रमाबाई म्हटलं, की आपल्याला शाळेतला धडा आठवतो. शारदा सदन, केडगावचं मुक्ती सदन, दुष्काळात आसरा दिलेल्या शेकडो बायका-मुली. पण त्यांच्या आयुष्यातली पाणवठ्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

१८८३ साली रमाबाई छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वय अवघं पंचवीस. आई-वडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवराही कॉलऱ्यानं गेला. तिथं वाँटेज गावच्या जोगिणींकडे त्या उतरल्या. या जोगिणी लंडनमध्ये वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांना मायेनं सांभाळायच्या. रमाबाईंना नवल वाटलं. आपल्याकडे अशा बाईला दारात तरी कोण उभं करतं? असं का करता, असं विचारल्यावर एका जोगिणीनं त्यांना बायबलमधली येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

भर दुपारी ही बाई एकटीच विहिरीवर येते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत, आणि येशू तर यहुदी. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचे पाच नवरे झालेले, हे ठाऊक असूनही तिच्याशी धर्माची चर्चा करतो. पाणवठ्यावरची शिवाशिव आपल्या बायकांना वेगळी समजावून सांगायला नको. रमाबाईंच्या मनात ही गोष्ट खोल रुतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात केवढा गहजब झाला! पण तिकडच्यांनाही त्या सोप्या गेल्या नाहीत बरं का. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्या खात नसत. क्रॉसवर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल. धर्म घेतला म्हणजे विचार करायचा हक्क तुमच्याकडे गहाण टाकला नाही, हे त्यांनी मोठमोठ्या धर्मगुरूंनाही सुनावलं. मला स्वतःला त्यांची हीच बाजू जास्त भावते.

पुढे केडगावात त्यांच्या लक्षात आलं, की मराठी बायबल आपल्या मुलींना कळतच नाही. फार जड, संस्कृत शब्दांनी भरलेलं. (बचत गटातल्या बायकांना मी सरकारी फॉर्म समजावते ना, तेव्हा हे हमखास आठवतं.) मग पन्नाशीच्या घरात या बाईनं हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास मांडला आणि सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. संस्कृतच्या जोरावर कलकत्त्यात पंडिता ठरलेली ही बाई, एकेक संस्कृत शब्द काढून घरगुती शब्द शोधत बसली! छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवायच्या त्याही तिथल्याच बायका.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, कामातला उजवा हात. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं, तेवढं मात्र त्यांना पाहायला मिळालं नाही.